वहिनीच्या वतीने दिलेलं उत्तर

मंगळवारी दुपारी वहिनीचं मूल गेलं. पाचवा महिना चालू होता. मी शाळेत होते, दादा ठाण्याला कारखान्यात होता. घरी वहिनी एकटी होती.

मी डोंबिवलीतल्या त्या प्रसूतिगृहात पोचले तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी तिला रिक्षातून आणलं होतं. त्या बाहेर बाकावर बसून होत्या. नर्सने काढून दिलेल्या वहिनीच्या बांगड्या त्यांनी रुमालात बांधून मांडीवर ठेवल्या होत्या. "दोन तासांत सगळं आटोपलं गं," त्या म्हणाल्या आणि रुमाल माझ्या हातात दिला.

घरात आम्ही तिघंच होतो. आईवडील गेल्यावर दादाने मला शिकवलं, मी शाळेत मराठीची शिक्षिका झाले, आणि मग त्याने लग्न केलं. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. राजापूरकडच्या एका खेड्यातून आलेली, शिक्षण सातवीपर्यंत. ती मला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी तिला अगंतुगं करायची. बाहेरच्या जगाशी बोलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं. रेशनचं कार्ड, बँक, वीजमंडळाचं कार्यालय, इस्त्रीवाल्याशी भांडण, सगळीकडे मी. वहिनीला ते आवडायचं. "वन्सं बोलल्या की पुढचा माणूस नीट ऐकतो," ती म्हणायची. मलाही ते आवडायचं, हे इथे लिहिलं पाहिजे.

घरी आल्यावर वहिनीने मला झालेलं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सकाळपासून कंबर जराशी जड होती, पण दुखत नव्हतं. मग खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. ती उठून न्हाणीत गेली, तेव्हा पाणी गेलं. तिने काकूंचं दार वाजवलं. "दुखलं नाही हो वन्सं," ती म्हणाली. "अजिबात नाही. मला वाटलं, एवढं मोठं काही होताना दुखेल. मी वाट बघत होते दुखायची."

तिने हेच काकूंनाही सांगितलं होतं. काकूंनी ते मजल्यावर सांगितलं, आणि दोन दिवसांत सगळ्या बायका आमच्याकडे येऊन गेल्या.

"न दुखता? आमचं मेलं नख मोडलं तरी दुखतं."

"उचललं असेल काहीतरी. आठव बरं नीट."

"गेल्या रविवारी ठाकुर्लीला चालत गेली होतीस ना मावसबहिणीकडे? तेच ते. एवढं चालायचं असतं होय पोटुशा बाईने?"

"काही कळलंच नाही म्हणजे काय बाई. आईला कळत नाही होय."

हे शेवटचं वाक्य काकू बोलल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. पण त्यानंतर वहिनी न दुखण्याबद्दल कोणाशी बोलली नाही. कोणी विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.

दीड महिन्याने मी तिला कल्याणच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचं नाव चांगलं होतं. दादाला रजा नव्हती, आणि असल्या ठिकाणी पुरुषांनी बाहेर बसायचं असतं अशी त्याची समजूत होती. डॉक्टर वयस्कर होते, घाई करणारे नव्हते. केसपेपरवर लिहीत ते एकेक प्रश्न विचारत होते. पाळी कधी चुकली, कितवा महिना होता, ताप आला होता का, कुठे पडली होती का. प्रत्येक प्रश्नाला वहिनी माझ्याकडे बघायची आणि मी उत्तर द्यायचे.

मग त्यांनी विचारलं, "आधी कळा आल्या होत्या का? पोटात दुखलं, की तसंच झालं?"

"आल्या होत्या," मी म्हणाले. "खूप दुखलं तिला."

त्यांनी ते लिहून घेतलं.

हे उत्तर मी का दिलं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मी खोटं बोलते आहे असं त्या वेळी मला वाटलं नाही. मूल जाताना बाईला यातना होतात, हे मला माहीत होतं. कुठून माहीत होतं, तर पुस्तकांतून. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत अशा बायका ओरडत, ओठ चावत, खाटेची दांडी घट्ट धरत. माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. वहिनी त्या दिवशी इतकी घाबरली असेल की तिला दुखल्याचंच आठवत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवाय मजल्यावरच्या बायका जे बोलल्या, ते या डॉक्टरांनी मनातसुद्धा आणू नये असं मला वाटत होतं. न दुखणं हे मला वहिनीचं उणं वाटलं. शाळेत मी दिवसभर मुलींच्या वह्या तपासायचे, चुकलेल्या वाक्याखाली बरोबर वाक्य लिहून द्यायचे. वहिनीचं वाक्य मी तसंच दुरुस्त केलं.

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

डॉक्टर म्हणाले की पहिल्या खेपेला पुष्कळ जणींच्या बाबतीत असं होतं, कारण प्रत्येक वेळी सापडत नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी सुरुवातीपासून दाखवायला या म्हणाले. परतताना आम्ही बाजारातून पालेभाजी आणि ओले काजूगर घेतले. वहिनीला काजूगर फार आवडायचे. घरी आल्यावर ते तिने सोलले, आणि उसळ करून आम्हा दोघांना वाढली.

वर्षभराने तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी आम्ही काहीही कमी केलं नाही. पाणी मी भरायचे, तिने बादली उचलायची नाही, स्टुलावर चढायचं नाही, ठाकुर्लीच्या मावसबहिणीनेच आमच्याकडे यायचं. गोळ्या वेळेवर. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर आठवड्याला पेन्सिलीने खूण करायचे आणि मला त्या खुणांचा अभिमान वाटायचा. चौथा सरला. कल्याणच्या डॉक्टरांनी ठोके ऐकवले.

पाचव्यात एका रविवारी सकाळी ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मी समोर वर्तमानपत्र वाचत होते. ती म्हणाली, "वन्सं, पुन्हा तसंच होतंय."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो मला आजही आठवतो. त्याच्यावर वेदना नव्हती. ती सूप बाजूला ठेवून, हात जमिनीला टेकून, कान देऊन बसावं तशी बसली होती. दादा रिक्षा आणायला धावला. मी तिच्याजवळ बसले आणि सारखी विचारत राहिले, "दुखतंय का? कळ येतेय का?" ती मान हलवत होती. नाही. नाही. नाही. रिक्षात बसतानाही नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाणी गेलं. तासाभराने नर्स बाहेर आली आणि मुलगा होता असं सांगून गेली.

म्हणजे तिने पहिल्या वेळी सांगितलं होतं ते खरं होतं. जसं झालं तसंच तिने सांगितलं होतं.

आता या गोष्टीला महत्त्व आहे की नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. फक्त डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला होता, याचा अर्थ त्या उत्तरावर काहीतरी अवलंबून असणार, एवढं माझ्या ध्यानात आलं. शिक्षकाला हे कळायला हवं होतं. जो प्रश्न विचारला जातो तो कशासाठी तरी विचारलेला असतो.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ठाण्याच्या एका लेडी डॉक्टरांचा पत्ता दिला. आम्ही दुपारच्या गाडीने गेलो. दादाही आला, आणि या वेळी बाहेर न बसता आत आला. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील, बोलायला फटकळ. कल्याणचे जुने कागद त्यांनी बाजूला सारले आणि सगळं पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. वहिनीने सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तू सांग," मी म्हणाले.

"मला नाही जमायचं."

"मग कोणाला जमणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट कोणाचं आहे? त्यांचं?"

वहिनी आधी अडखळत बोलली, मग नीट बोलली. कंबर जड होणं, खाली उतरल्यासारखं वाटणं, पाणी जाणं. न दुखण्याचं तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं.

"कळा आल्याच नाहीत?"

"नाही."

"आणि पहिल्या वेळी?"

"तेव्हाही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कल्याणचा कागद ओढून पुन्हा वाचला. "इथे तर कळा आल्या असं लिहिलंय. खूप दुखलं असं. कोणी सांगितलं हे?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी वहिनी म्हणाली, "मीच सांगितलं. घाबरले होते. माझं चुकलं."

मी तोंड मिटलं. दादा तिथे बसलेला होता. त्याच्यासमोर ते बोलण्याचं धैर्य मला झालं नाही. पहिल्या वेळी मी जे केलं ते न कळून केलं. हे दुसरं मात्र कळून केलं.

डॉक्टरीणबाईंनी मग कागदावर एक पिशवी काढून दाखवली, उलट्या लोट्यासारखी. पिशवीचं तोंड खाली असतं, ते लांबट आणि घट्ट असतं, नऊ महिने मिटून राहतं. काही बायकांचं ते आखूड आणि सैल असतं. बाळाचं वजन वाढलं की ते हळूहळू उघडायला लागतं, कळा न येताच, आणि बाईला पत्ता लागत नाही. बाळ चांगलं असतं, आईची काही चूक नसते, फक्त दार मिटून राहत नाही. न दुखणं हीच त्याची खूण. चौथ्या महिन्याच्या आसपास त्या तोंडाला टाका घालता येतो, बटव्याची नाडी ओढावी तसा. नववा लागला की काढून टाकायचा.

"मागच्या वेळी घालता आला असता का?" दादाने विचारलं.

"कळलं असतं तर निदान विचार केला असता, लक्ष ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "मूल नक्की वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. टाका घालूनही काही वेळा राहत नाही. ते मागचं आता सोडा."

दादाने सोडलं. त्याचा स्वभावच तसा होता.

तिसऱ्या वेळी, दिवस गेल्याची खात्री झाली त्याच आठवड्यात आम्ही ठाण्याला गेलो. तोवर नव्वदचं दशक लागलं होतं आणि सोनोग्राफी ठाण्यात होत होती. बाईंनी पडद्यावर पिशवीचं तोंड दाखवलं. मला ढग दिसले. चौथा लागताना टाका घातला. परत येताना दादाने मोटार ठरवली, आणि शिळफाट्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तो ड्रायव्हरला म्हणत होता, "सावकाश हो, सावकाश." शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, याच्याहून सावकाश म्हणजे उतरून ढकलायला लागेल." वहिनी मागच्या सीटवर आडवी पडून हसली, आणि हसताना तिने भीतीने पोट धरलं.

मग तिला झोपून राहायचं होतं. आता डॉक्टर बायकांना एवढं झोपवून ठेवत नाहीत, त्याचा फारसा उपयोग नसतो असं म्हणतात. तेव्हा तसं सांगत. दादाने खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवल्या. वहिनी पाच महिने त्या उतारावर राहिली, डोकं खाली, पाय वर. मी बिनपगारी रजा घेतली. अंग पुसणं, भांडं देणं, वेणी घालणं, जेवण भरवणं मी केलं. दर आठवड्याला नर्स येऊन इंजेक्शन देऊन जायची.

काकू रोज संध्याकाळी यायच्या. "मजा आहे बाई तुझी. महाराणीसारखी पडून असतेस."

"या ना काकू, बसा खाटेवर," वहिनी म्हणायची. "फक्त माझ्या पायाशी नका बसू, घसरत याल डोक्यापर्यंत."

टाक्याचं ऐकल्यापासून काकूंना आपण पहिल्यांदा काय बोललो होतो ते आठवत होतं, असं मला वाटतं. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या पाच महिन्यांत आमच्याकडची कोथिंबीर आणि मेथी त्यांनीच निवडून दिली.

दुपारी मी वहिनीला वाचून दाखवायचे. तिला कादंबऱ्या आवडायला लागल्या होत्या, पण तिच्या अटी होत्या. "वन्सं, ही बाई पुन्हा रडायला लागली तर पानं उलटा. मला जेवलेलं पचत नाही." मी पानं उलटायचे. त्यामुळे काही कादंबऱ्या आम्ही तीन दिवसांत संपवल्या.

सातव्या महिन्यात वहिनीची आई गावाहून आली. लेकीला बाळंतपणाला माहेरी न्यायचा विषय डॉक्टरीणबाईंनी आधीच बंद केला होता. निदान ओटी तरी भरू दे, असं आईचं म्हणणं. पण झोपलेल्या बाईची ओटी भरायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. मजल्यावरची एक म्हणाली, बसवा पाच मिनिटं, काय होतंय. एक म्हणाली, झोपून घेतलेली ओटी लागू होत नाही. वहिनीची आई बिचारी नारळ हातात धरून उभी. शेवटी काकूंनी वहिनीचा पदर खाटेवर तिच्या कुशीला पसरला आणि म्हणाल्या, "भरा इथे. देवाला दिसतं सगळं, त्याला उठून बसायला लागत नाही." आईने तांदूळ घातले. खाटेला उतार असल्याने ते सगळे घरंगळत वहिनीच्या मानेखाली गेले. संध्याकाळपर्यंत मी तिच्या केसांतून तांदूळ वेचत होते.

वेचतानाच मला वाटलं की आता बोलावं. घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "वहिनी, कल्याणला ते उत्तर मी दिलं होतं. तू ठाण्याला उगाच स्वतःवर घेतलंस."

ती वर छताकडे बघत होती. "मीपण गप्पच होते ना," ती म्हणाली.

"तू मला सांगितलं होतंस, दुखलं नाही म्हणून. मला माहीत होतं."

"मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या. दुखलं म्हणायचं असेल. कदाचित दुखलंही असेल आणि मलाच कळलं नसेल." मग म्हणाली, "आता ते नका बोलू, वन्सं. पोट कडक होतंय."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. खरंच कडक झालं होतं. मी घाबरले, पाणी दिलं, गोळी दिली, डाव्या कुशीवर वळवलं. अर्ध्या तासाने ते सैल पडलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आधी टाका होता म्हणून, नंतर बाळंतीण होती म्हणून, नंतर पोर लहान होती म्हणून.

नववा लागल्यावर ठाण्याला टाका काढला. डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले. "दुखतंय, वन्सं," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "दुखतंय." हे ती रडून म्हणत नव्हती, सांगत होती. दुपारी मुलगी झाली. वजन थोडं कमी होतं, पण रडली मोठ्याने. दादा व्हरांड्यात उभा होता. त्याने ते रडणं ऐकलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

त्यानंतर वहिनीला मूल झालं नाही, आणि त्यांनी पुन्हा प्रयत्नही केला नाही. आमचे दिवस इतरांसारखे गेले. मी शाळेत परत रुजू झाले. मुलगी शिकली, तिचं लग्न झालं. वहिनी बाहेर स्वतः बोलायला लागली. बँकेत, शाळेत, दवाखान्यात. मी सोबत असले तरी तीच बोलायची. मला त्यात कधी माझ्यावरचा अविश्वास दिसायचा, कधी काहीच दिसायचं नाही.

तिने आयुष्यभर मला वन्सं म्हटलं आणि गरम पोळी आधी माझ्या ताटात वाढली. तिच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं होतं का, हे मला तिच्या वागण्यातून कधी कळलं नाही. माणसं मनातलं ठेवून प्रेम करू शकतात, आणि काहीही मनात न ठेवताही करू शकतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तीस वर्षं एका घरात राहूनही मी विचारलं नाही.

दीड वर्षापूर्वी वहिनी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. तेरावं झाल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. ठाण्याहून आलो त्याच दिवशी. आणि तुला बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती."

शपथ का घातली, ते त्याने विचारलं नव्हतं.

दोन मुलं जगली नाहीत. पहिलं कोणाच्याही चुकीने गेलं नाही. दुसरं कदाचित वाचलं असतं. एक मुलगी आहे, ती पुण्याला असते. डोंबिवलीच्या घरात दादा आणि मी राहतो.